चौकोनी डाग

ती. ताई,

वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून. अलीकडे मी सरळ उभी राहिलेलीच नाही, कारण पुढे येईल.) तुमचे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला थांबला असावा. नाना इकडे छान रमलेत, त्यांना आता कायमचं इकडेच राहू दे, तुलाही जरा मोकळीक, असं तुम्ही परवा फोनवर म्हणालात आणि मी लगेच बरं म्हणाले. सासऱ्यांच्या बाबतीत सून इतक्या पटकन बरं म्हणाली की ती दमलेली आहे एवढंच समजावं. मला दमवलं ते मात्र नानांनी नाही, दिवाणखान्यातल्या गालिच्यानं.

रंगाच्या वासानं दम लागतो म्हणून नाना तुमच्याकडे आले आणि येताना ती बिनपायांची, जमिनीला बूड टेकून बसणारी खुर्चीही टेम्पोत घालून घेऊन आले. (दुसऱ्या खुर्चीत त्यांना पेपर वाचता येत नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.) रंगारी काम उरकून, गुंडाळलेला गालिचा पुन्हा अंथरून गेले, आणि बघते तर अगदी दाराशी, मातकट गालिच्यावर टीपॉयएवढा गडद लाल डाग! तुमचे बंधुराज पालथे पडले, टॉर्च लावून त्यांनी डाग हुंगला आणि चहा सांडलाय असं जाहीर करून माझ्याकडे पाहिलं. शेजारचे निवृत्त कंपाउंडर आले. त्यांनी बोटानं दाबून पाहिलं, डाग कधीपासून आहे, पावसाळी हवेत वाढतो का, असं सगळं विचारलं आणि खालून ओल येत असल्याचं निदान केलं. लाँड्रीवाल्याच्या मते ते तेल होतं, आणि घरात कोणी म्हातारं माणूस गुडघ्याला तेल चोळतं का, असं त्यानं विचारताच सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हजर नसलेल्या माणसावर खापर फोडणं किती सोयीचं असतं! मीसुद्धा मान डोलावली. नाना दाराशी कधीच बसत नाहीत हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. सांडलेल्या तेलाला चार कोपरे कुठून येतील, हेही नाही.

मग उपचार सुरू झाले. व्हिनेगर झालं, खाण्याचा सोडा झाला, लिंबं झाली, यांचा दाढीचा फेस झाला (हे तसेच खुंट वाढवून ऑफिसला गेले आणि साहेबांनी घरी सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली). डाग ढिम्म. शेवटी मी बाथरूमच्या फरशीची पावडर काढली आणि डोळे मिटून घासत सुटले. एक कोपरा फिका पडला! यांनी माझी पाठ थोपटली आणि आता थांबू नकोस असा सल्ला देऊन ते चहा प्यायला गेले.

कोपरा धुवायला म्हणून गालिचा गच्चीच्या कठड्यावर उलटा टाकला, आणि ताई, काय सांगू! गालिच्याची पाठ सगळीच्या सगळी तशीच गडद लाल होती. म्हणजे गालिचा मुळात त्याच रंगाचा. बाकीचा रंग उन्हानं खाल्ला होता आणि जो एवढासा तुकडा धडधाकट राहिला होता, त्यालाच आम्ही बरा करत होतो. रंगाऱ्यांनी गालिचा उलट्या दिशेनं अंथरला होता. फिरवून टाकला तर डाग बरोबर खिडकीशी आला, नानांच्या खुर्चीच्या जागी.

तुम्हाला आमचं पडद्याचं भांडण माहीतच आहे. मी दुपारी पडदा ओढायची, नाना पेपरसाठी उघडायचे. गालिच्याचा रंग उडेल म्हटलं की म्हणायचे, "उडू दे. मला अक्षर दिसलं पाहिजे." आता मी जिंकले. पुरावा दिवाणखान्यात पसरलाय, आणि दाखवायला माणूस नाही. त्या चौकोनाजवळून जाताना मला फार वाईट वाटतं. घासलेल्या कोपऱ्याचा रंग परत आणायचा काही उपाय तुम्हाला माहीत असेल तर कळवा. मुलांना आशीर्वाद.

तुमची भावजय

ता. क. : डागावर काहीतरी ठेवून दे, असं हे म्हणतात. टीपॉय ठेवून पाहिलं, कुंडी ठेवून पाहिली, शिलाई मशीनही झालं. काहीच नीट बसत नाही. तेव्हा खुर्ची तेवढी पाठवून द्या.

आणखी एक : खुर्ची रिकामी पाठवू नका. नाना आढेवेढे घेतील. त्यांना फक्त एवढंच सांगा की पडद्याच्या बाबतीत मी बरोबर होते. भांडायला म्हणून तरी ते निघतील. पडदा मी उघडाच ठेवलाय.