मातीचा माणूस पाणी आणत नाही

पळसदरी, ३ फेब्रुवारी १९२८. सकाळ.
सोनाबाईचा गुडघा कसा आहे? सुजलेला. कपिला गाय? खुशाल, दूध कमी. वासरू? दिसेल ते चाटतं. शेजारचा पोशा ठाकूर? त्याला कधी काही होत नाही. माझी कंबर? तशीच. रोजनिशी लिहायची पहिलीच वेळ. लिहिणं मी माझं मीच शिकलो, तेही लोकांची पत्रं लिहून. विचारपूस झाल्याशिवाय हात चालत नाही.
निश्चय: पाडव्यापासून सोनाबाई विहिरीवरून एकही हंडा आणणार नाही. बायको आहे माझी, तिला तसा शब्द दिला आहे. मीच आणला असता, पण कंबर. म्हणून कर्जतच्या बाजारातून पोथी आणली. मातीचा माणूस करून त्यात जीव कसा घालावा, सगळं आहे. 'तो घरधन्याचा शब्द मोडणार नाही' असं स्वच्छ छापलंय. छापलेलं खोटं कसं असेल?

९ फेब्रुवारी.
पोशाने डोंगरातून वारुळाची माती आणून दिली. माणूस घडवला. डावा कान जरा खाली आला. पोशा म्हणाला, "बाबा, तोंड ठेवू नका. तोंड आलं का नाय म्हनतं." मी हसलो. तोंडच नसेल तर माझे गुण कोण गाणार?

११ फेब्रुवारी.
उठला! मंत्र एकवीस वेळा म्हटला, बाविसाव्याला शिंकला. दारात अवघडून उभा, म्हणून म्हटलं, "ये रं, लाजू नको. घर तुझंच समज." पाहुण्याला म्हणतो तसंच. नाव ठेवलं नवशा. सोनाबाईने गूळपाणी पुढे केलं. गूळ घेतला, तांब्या सरकवला. लाजाळू आहे.

१२ फेब्रुवारी.
पहिली ऑर्डर: दोन हंडे पाणी आण. "नाय आननार," म्हणाला. ऐकू आलं नसेल म्हणून मी मोठ्याने सांगितलं. त्यानेही मोठ्याने सांगितलं.

१५ फेब्रुवारी.
अंगण झाडतो, लाकडं फोडतो, दळण दळतो. सोनाबाईला 'आय' म्हणतो. मला काहीच म्हणत नाही. जीव घातला मी, आणि आय ती! पाणी मात्र कुणासाठीच नाही. ती बिचारी हंडा घेऊन लंगडत चढण चढली. मी ओट्यावरून धीर दिला.

१७ फेब्रुवारी.
युक्ती सुचली. ह्याला पोथी वाचता आली तर स्वतःची पायरी कळेल. अक्षरं शिकवायला घेतली.

२४ फेब्रुवारी.
आठ दिवसांत जोडाक्षरं! मला चार वर्षं लागली होती. गुरू चांगला मिळाला की असं होतं.

२६ फेब्रुवारी. दुपार.
शिकवायला नको होतं. पोथी वाचून म्हणाला, "घरधन्याचं ऐकायचं, असं लिवलंय. पयल्या दिशी घर मला दिलंत. मंग घरधनी मीच." मी म्हटलं, अरे, तसं म्हणायची रीत असते. "रीत कुठं लिवलीय?" असं विचारून पानं उलटायला लागला. मग घरधन्याने पहिली ऑर्डर सोडली: पाणी तुमी आना. आत सोनाबाई पदर तोंडाला लावून खोकत होती. खोकल्याला औषध आणायला हवं.
पाणी आणलं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

२८ फेब्रुवारी.
वासराने नवशाची करंगळी चाटली. ओली झाली, विरघळली, गेली. म्हणाला, "म्हनून पानी आनत नाय. हंडा डचमळला का मी संपलो." मी समजूत काढली की अजून नऊ बोटं आहेत, आणि हंडा अगदी काठोकाठ भरू नये. त्यावर पोशा बोलला, "बाबा, पोरांना बी मानसंच घडवतात. पन त्यांना पान्यात ढकलत नाय." जेवताना सोनाबाई आपलं ताट घेऊन नवशाजवळ जाऊन बसली. मातीच्या गोळ्यापायी घरची माणसं उलटली.

२९ फेब्रुवारी.
विहिरीवरून आलेली घागर नवशाच्या झोपायच्या जागेजवळ ठेवली. सहज. भीती वाटली तर शिस्त लागते. ती सांडायचं माझ्या मनात नव्हतं. फारसं नव्हतं.

१ मार्च.
गेला. चौक गावाजवळच्या वीटभट्टीकडे. भट्टीत बसून भाजून घेणार, म्हणजे पाण्याचं भय नको. सोनाबाईने दार अडवलं, तडकलास तर काय करशील रं, म्हणून रडली. तो म्हणाला, "तडकलो तर माज्या मनानं तडकंन, आय. हितं कच्चा राह्यलो तर ह्ये कवातरी भिजवतील." माझ्या तोंडावर! मी तोंड दिलं, त्याच तोंडाने! पाच दिवस भट्टी जळते म्हणे. मला काही वाटत नाही.

४ मार्च.
मला काही वाटत नाही. धूर दिसतो का ते पाहायला टेकडीवर गेलो होतो. कंबरेसाठी चालणं बरं.

९ मार्च.
पोशा बातमी घेऊन आला. शाबूत निघाला. लालबुंद, वाजवलं तर खणखणतो. आता कर्जत स्टेशनवर उतारूंना पाणी देतो! पाणी! माझ्या दोन हंड्यांना नाही म्हणणारा! असा घात वैऱ्याने केला नसता. पोशा म्हणाला, "तितं लोक म्हनतात, देशील का रं बाबा? आन त्यो देतो." म्हणजे मी काय वेगळं म्हणत होतो?
सोनाबाईने रिकामा हंडा माझ्यापुढे आणून ठेवला.

११ मार्च.
दोन दिवस झाले, पाणी मी आणतो. कंबरेचं काही झालं नाही, ह्याचा उल्लेख कुठे करणार नाही.
नवशाला पोस्टकार्ड लिहिलं: 'ताबडतोब निघून ये.' सोनाबाईने वाचून दाखवायला लावलं आणि कार्ड चुलीत घातलं. दुसरं लिहिलं: 'तू यावंस अशी आज्ञा आहे.' तेही गेलं. तिसरं हे, इथे उतरवून ठेवतो:
'नवशास, तुझ्या आयच्या गुडघ्याची सूज उतरली आहे. कपिला बरी. वासराला दावणीला बांधलं आहे. पोशा तसाच. भट्टीत फार लागलं का? येशील का रं? पाणी मी आणलेलं असेल. यायचं नसेल तरी नाही म्हणून लिही, पण उत्तर लवकर पाठव. बुधाजी.'
हे तिने चुलीत घातलं नाही.