जपानी विमानाला उधन्याचं ठिगळ

उधना, ता. १९ फेब्रुवारी १९७८

समुद्रावर जिथे कुठे असाल तिथले राजमान्य राजश्री सुकदेवराव यांस, उधन्याच्या पक्क्या जमिनीवरून तुमचे दाजी लोटू यांचा रामराम. इकडे सगळं ठीक. तुमच्या बहिणीची, म्हणजे शोभाची, कंबर अधूनमधून धरते, माझं पोट सुटत चाललं आहे, आणि मामांची, म्हणजे तुमच्या वडिलांची, तब्येत उत्तम आहे (तुम्ही विचारत नाही, तरी मी कळवतो, तेही विचारत नाहीत, तरी तुमची खुशाली मी त्यांच्या कानावर घालतोच). तुम्हाला अजून बोट लागते का, ते कळवा.

तुम्ही त्या भरूचच्या खलाशाबरोबर पाठवलेला खोका पोचला. आधी आभार मानतो, मग रडगाणं गातो. माझ्या लग्नात मी रिवाजाप्रमाणे जेवायच्या पानावर रुसून बसलो होतो आणि काय हवं विचारल्यावर गंमत म्हणून विमान मागितलं होतं. मिळालं घड्याळ. पण वाढायला फिरणारा तेरा वर्षांचा पोरगा ते ऐकून ठेवतो आणि सोळा वर्षांनी जपानहून बॅटरीवर उडणारं, रेडिओनं दुरून वळवायचं विमान पाठवतो, याला काय म्हणावं? खोका उघडला तेव्हा मला बोलताच येईना. शोभा म्हणाली, हे पहिल्यांदाच झालं.

रेडिओ म्हटल्यावर मी सरळमार्गी माणूस आधी पोस्टात लायसन काढायला गेलो. कारकुनानं विचारलं, "कयुं स्टेशन पकडे छे?" मी म्हटलं, स्टेशन पकडत नाही, विमान पकडतो. त्यानं चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि मोठ्या साहेबांना विचारून सांगतो म्हणाला. अजून विचारतो आहे. बॅटरी भरायला बारा व्होल्टची मोठी बॅटरी लागते असं चित्रात दिसलं (पुस्तक सगळं जपानीत, चित्रं मात्र समजूतदार). ती मिळाली डिंडोलीकडच्या भाईदासच्या ट्रॅक्टरमध्ये. या भल्या माणसानं ट्रॅक्टर दिला, वालपापडीच्या मळ्याशेजारचं पडीक रान दिलं, वर प्रत्येक वेळी चहा पाजला. असे लोक असतात म्हणून आपल्यासारख्यांचं परमुलखात निभतं.

पहिल्या दिवशी विमान गेलं चांगलं, पण परत तोंडासमोर येताना त्याचं डावं ते माझं उजवं होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते पापडीच्या मांडवात शिरलं आणि शेपूट मोडलं. आता मी लूमच्या खात्यातला, बिघडलेले माग लावणारा जॉबर. उडालेला धोटा पकडून जागेवर बसवण्यात माझी हयात गेली, मला शेपटीचं काय मोठं! घरी आणून सरस लावला, वर आपल्याच खात्यातलं नायलॉनचं कापड दुहेरी ताणून चिकटवलं आणि त्यावर खळीचे तीन हात दिले. असं कडक झालं की टिचकी मारली तर वाजायचं. दुसऱ्या दिवशी विमानानं उठल्या उठल्या मान वर केली, हवेत उभं राहिलं, विचार केला आणि शेपटीवर येऊन बसलं. शेपूट पुन्हा मोडलं. मी पुन्हा कापड, पुन्हा खळ, या वेळी चार हात. असे आम्ही पाच वेळा दिवे लावले. दरवेळी शेपूट अधिक मजबूत आणि दरवेळी विमान अधिक लवकर खाली. शेवटी मी हात टेकले.

मामा रोज आमच्याबरोबर रानात यायचे, पण हवा खायला. विमानाकडे पाठ करून रेल्वेच्या लायनीकडे तोंड करून बसायचे. तुम्हाला रेल्वेत चिकटवायला त्यांनी साहेबांचे पाय धरले आणि हजर व्हायच्या दिवशी तुम्ही बोटीवर गेलात, त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून तुमचं नाव त्यांच्या तोंडात नाही. जावयाच्या दारात राहावं लागतं याचंही त्यांना लागतं. मला त्यांचं काडीचं ओझं नाही, पण दुसरी पोळी ते मागून घेत नाहीत, हे मला रोज दिसतं आणि वाईट वाटतं.

तर पाचव्या वेळी विमान आपटलं आणि मामा उठले. त्यांनी ते उचललं, दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरलं. शेपूट धपकन खाली गेलं. "जवाईबापू, मांगे भार जास्त शे. असा डबा रुळावरून उतरी जाई," म्हणाले. तीस वर्षं मालधक्क्यावर डबे भरून त्यांना सील ठोकलेला माणूस! दुसऱ्या दिवशी तंबाखूच्या जुन्या डबीतून शिशाची उरलेली सिलं आणि पक्कड घेऊन आले आणि विमानाच्या नाकाशी एकेक सील आवळत बसले. मी म्हटलं, मामा, उडायचं आहे, बुडवायचं नाही. शोभा म्हणाली, नाकापेक्षा मोती जड. मामा आवळतच राहिले. विमान दोन बोटांवर आडवं स्थिर राहिलं तेव्हाच थांबले.

आणि सुकदेवराव, ते उडालं. सहा मिनिटं. रानावरून गेलं, वळलं, भाईदासच्या डोक्यावरून आलं, परत गेलं. मामा कपाळावर हात धरून बघत होते, आणि बघता बघता म्हणाले, "सुक्यानी देखाले पायजे व्हतं." माझे हात जागच्या जागी थांबले. मी काहीच केलं नाही, विमान आपलं आपण सरळ जाऊन गवतात उतरलं. शोभा पदर तोंडाला लावून रडत होती. मी रडलो नाही असं मी सगळ्यांना सांगतो.

उतरताना पुढचा पंखा मात्र मोडला. बाकी विमान आणि आम्ही सुखरूप. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

तुमचा ऋणी दाजी,
लोटू

ता. क. पंखा नवा लागेल. पार्सलनं पाठवू नये, वाटेत मोडतो, असं मामांचं मत आहे (पार्सलं कशी फेकतात ते त्यांना माहीत). हातात धरून आणावा. आखाजीच्या सणापर्यंत आला तरी चालेल.

दुसरा ता. क. वरचा पंख्याचा मजकूर मामांना वाचून दाखवायचा होता. हे आता पोस्टाच्या दारात उभ्यानं लिहितो आहे. पंखा मोडलेला नाही. मामांनी स्वतः स्क्रू काढून तो आपल्या पेटीत धोतराखाली ठेवला आणि मोडला असं लिहायला मला बजावलं. रोज सकाळी पेटी उघडून जागेवर आहे ना बघतात. पंखा आणू नका. या.