बसवंतचं मत

के. आर. पुरम, बेंगळुरू
१८ जुलै, दुपार

चि. सौ. महानंदास शिवलीलाअक्काचे आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. आईचे गुडघे कसे आहेत? इथे ऊन असं नाहीच, धुतलेले कपडे घरभर टांगलेत. परवानंतर तुझे फोन घेतले नाहीत, राग आला असेल. फोनवर तू रडतेस आणि मला बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले. बसतेय कसली, मध्येच उठून गॅलरीतून खाली बघून येते. कालपासून दाराशी पक्षाची गाडी उभी होती. ती गेली, पण बघायची सवय जात नाही.

टीव्हीवर तू पाहिलंसच. आपल्या पक्षाने सरकारचा पाठिंबा काढून समोरच्यांशी हातमिळवणी केली, आणि बसवंत एकटा सरकारच्या बाजूने उभा राहिला. सरकार पडायचं ते पडलंच. आता पक्षादेश मोडला म्हणून त्याची आमदारकी जाणार. हे त्याला आधीच ठाऊक होतं. तुम्हाला विसरून केलं असं समजू नकोस.

आमदारांना ठेवलं होतं त्या रिसॉर्टमधून तो परवा दातदुखीचं निमित्त करून निघाला, तो थेट या बहिणीकडे. चहा घेईना, एका जागी बसेना. पक्षवाल्यांना पत्ता लागायला कितीसा वेळ? काल अध्यक्ष भगवंतराव स्वतः जिने चढून आले.

"बसवंत, मंत्रिपद तुझंच. शपथेचे कपडे शिवायला टाक."

"दयानंदचा पाय ज्यांनी मोडला, त्यांच्या शेजारी बसू?"

"अरे, निवडणुकीतली मारामारी ती. राजकारणात स्वल्प विसरावं लागतं."

दयानंद प्रचारात त्याच्यासाठी किती राबला, हे तुला सांगायला नको. बसवंतने भगवंतरावांसमोरच त्याला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. मला वाटलं, पोरगा शिव्या घालेल. तो म्हणाला, "अण्णा, मंत्री व्हा. माझा पाय आता काही सरळ होत नाही. निदान गावाला दवाखाना तरी होईल."

भगवंतराव हसले. "ऐकलंस? त्याची काही हरकत नाही."

बसवंतने फोन ठेवला आणि बेसिनशी जाऊन किती तरी वेळ तोंड धूत राहिला. भगवंतराव गेल्यावर मला म्हणाला, "अक्का, त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित गेलोही असतो."

आज सकाळी आम्ही दोघं मेट्रोने विधानसौधला गेलो. डब्यात त्याला कुणी ओळखलं नाही. फाटकाशी त्याने माझा हात धरला, मग सोडून एकटाच मत द्यायला गेला. घरी आल्यापासून आतल्या खोलीत झोपलाय.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा तू फोनवर मला निरोप दिलास, 'मंत्री होणार नसतील तर घरी येऊ नका म्हणावं.' काल जेवताना त्याने विचारलं, "महानंदा काही म्हणाली का?" मी त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हटलं, "म्हणाली, मनाला पटेल ते करा, मी आहे."

तो घास हातात धरून थांबला. "असं म्हणाली?" मी हो म्हटलं. मग तो पोटभर जेवला, महानंदा. दोन दिवसांत पहिल्यांदा.

त्याच्या मताने सरकार वाचलं नाही. तुमच्या घरात येणारं मंत्रिपद मात्र गेलं, आणि त्यात माझा हात आहे. खरा निरोप ऐकून त्याने काय केलं असतं, मला माहीत नाही. ते कळायची वाट मीच बंद केली. रागवायचं तर माझ्यावर रागव.

तो उद्याच्या बीदरच्या गाडीने निघतोय. आमच्या खाली राहणारी धनलक्ष्मी आजच बसने गावी येतेय, तिच्या हाती हे देते, म्हणजे त्याच्या आधी तुला मिळेल. दारात आला की तो आधी तुझ्या तोंडाकडे बघेल. ते वाक्य माझं होतं. तुला ते आपलं म्हणता आलं तर म्हण. नाहीच आलं तर आधी जेवू घाल, आणि मग खरं सांग.

तुला न विचारता तुझ्या तोंडून बोललेली,
शिवलीलाअक्का