रायफलीला लागलेला पाय

ती. आईस,

वर नमस्कार लिहिला नाही, त्याचं कारण शेवटी सांगतो. फोनवर बोलताना मागे पोरांची रांग असते, म्हणून हे पत्र.

ट्रेनिंग झकास चाललंय. वजन चार किलो वाढलं, तुला पटणार नाही. परवा मात्र माझी वाट लागली. परेडला सावधान उभं असताना शेजारच्याच्या रायफलीला माझा पाय लागला आणि मी चक्क वाकून नमस्कार केला तिला! तुझीच सवय गं. परेड शिकवणाऱ्या उस्तादांनी मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या.

आज हत्यारं साफ करताना त्यांचाच बूट एका रायफलीला लागला. इकडेतिकडे बघून त्यांनी हळूच तिला हात लावला आणि कपाळाला नेला. मी दिसलो, तर म्हणाले, "तू काही बघितलं नाहीस!"

बाबांचा गुडघा कसा आहे? चेकनाक्यापर्यंत चालत नको म्हणावं, रिक्षाने जा.

पंधरा तारखेला आम्ही वर बर्फात निघतोय. मध्ये रजा नाही. मोजे चांगले जाड मिळालेत.

घरून निघताना तुझ्या पाया पडलो नाही, ते विसरलो म्हणून नाही. वाकलो असतो तर उठलो नसतो. म्हणून इथेही नमस्कार लिहीत नाही. तो दारात येऊनच करीन.

तुझा,
नितेश