जादा दिव्यांची अर्थ वायर

ठमे,

तू झोपली आहेस, आणि तोंडावर बोलायची माझी हिंमतही नाही, म्हणून लिहितोय.

पिकअपच्या जादा दिव्यांचं वायरिंग आज पहाटे उघडलं. खोटं कशाला बोलू, तुझी चूक शोधायलाच बसलो होतो. तू बसवलेल्या स्विचपासून दिव्यांपर्यंत एकेक जोड ओढून पाहिला, एकही हलला नाही. घोळ सापडला तो अर्थिंगच्या वायरीपाशी, ती गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडतात तिथे. तिथला रंग घासून तू पत्रा उघडा केला होतास. नंतर गंज धरेल म्हणून बोल्ट काढून मीच तिथे रंग फासला होता. रंगातून करंट जाणार कसा?

आणि दिवे लागले नाहीत तेव्हा अख्ख्या गॅरेजसमोर मी म्हणालो, "हे तुझं काम नव्हे." तेव्हापासून तू स्वतःच्या टूलबॉक्सला हातही लावला नाहीस. आई सांगत होती, आज तो मामेभावाला देऊन टाकणार आहेस. तेवढं करू नकोस. चूक कोणाची होती ते आज त्याच सगळ्यांसमोर सांगणार आहे. हसू देत मला.

रंग घासून बोल्ट आवळला आहे. फ्यूज मात्र लावलेला नाही, तो तुझ्या हाताने लागावा म्हणून या चिठ्ठीत गुंडाळलाय. गाडीची चावी टूलबॉक्सवर आहे. मी गॅरेजला बसने जातोय.

संध्याकाळी स्टॉपवर मला न्यायला येशील? आलीस तर ते दिवे चालू करून ये. लांबूनच कळेल मला.

बाबा