बटणला शिस्त लावताना

३ जून, सकाळी ६.१०
मुलीची बदली झाली. नवी जागा मिळेपर्यंत तिचा कुत्रा आमच्याकडे. जॅक रसेल टेरिअर, वय दीड वर्ष, उंची माझ्या पोटरीपर्यंत, नाव बटण. ऑफिसात बेचाळीस माणसं हाताखाली वागवली. हे एक बटण म्हणजे किरकोळ. महिन्याभरात शिस्त लावून देतो असं मुलीला सांगितलं. ती म्हणाली, जरा आईला विचारून करा बाबा. दुर्लक्ष केलं. बायकोला कुत्री आवडत नाहीत. त्यामुळे ट्रेनिंग पूर्णपणे माझ्याकडे.

५ जून
"बस" म्हटलं. बसला नाही. कसं बसायचं ते दाखवायला मी जमिनीवर बसलो. तो माझ्या मांडीवर बसला. म्हणजे आज्ञा कळते, जागेबद्दल थोडा गैरसमज आहे. उठताना बायकोचा हात घ्यावा लागला.

८ जून
बटणला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरकडे. पोरगेलासा आहे. म्हणाला, ही जात बिळात शिरून शिकार करण्यासाठीच तयार केलेली. तल्लख आणि हट्टी. रोज तासभर पळवा, डोक्याला काम द्या, आठवड्यातून एकदा ब्रश करा. ओरडू नका, ओरडलं की त्याला खेळ वाटतो. अनुभव कमी दिसतो. बायकोने सगळं लिहून घेतलं. तिला हस्ताक्षराची हौस.

१२ जून, संध्याकाळी
फिरायला नेलं. वेग बटणने ठरवला, पण दिशा माझी होती. निदान पहिल्या कोपऱ्यापर्यंत. गुडघा खरचटला. उद्या विश्रांती.

१८ जून
विश्रांती चालू. सकाळी बायको त्याला पळवते. त्यासाठी बूट घेतले तिने, या वयात. तब्येतीसाठी मीच सुचवणार होतो. दुपारी टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवून त्याला शोधायला लावते. याला ट्रेनिंग म्हणत नाहीत, लाड म्हणतात. वर ब्रश करताना त्याच्याशी गप्पा. माझ्याशी एवढ्या कधी... असो.

२१ जून
गुडघा बरा. पट्टा पुन्हा माझ्या हातात. रस्त्याखालच्या पाइपमध्ये घूस शिरली, मागोमाग बटण. पट्टा सुटला. (मीच सोडला, नाहीतर मीही आत गेलो असतो.) ऑफिसच्या आवाजात हुकूम दिले. आतून भुंकणं, मग तेही बंद. पोटावर पडून पाऊण तास हाका मारल्या. डोळ्यांत पाणी आलं. धूळ फार होती. मुलीला काय सांगणार होतो?

कुणीतरी बायकोला कळवलं. ती आली, पाइपच्या तोंडाशी बसली, आधी मला गप्प केलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बटण, चल घरी."

मिनिटभरात नाक दिसलं. तिने त्याला छातीशी धरलं आणि भर रस्त्यात रडली. धूळ होतीच.

माझ्या हाकांनी तो अर्ध्यावर आलेला असणार.

३० जून
मुलगी न्यायला आली. "बस" म्हणाली, बसला. महिन्यात शिस्त लागली, हे मी निदर्शनास आणलं. ती आईकडे बघून हसली. मग कळलं, बायकोही जाते आहे, नव्या घरात त्याला रुळवायला. किती दिवस, विचारलं. तो रमेपर्यंत, म्हणाली. मग माझं काय, असं सहज विचारलं.

"तुमचं काय, तुम्ही राहाल एकटे. त्याला नाही जमत."

माझ्या स्वावलंबनाची अशी कबुली तिने एकतीस वर्षांत प्रथमच दिली.

१ जुलै, सकाळी ९.४०
चहापूड सापडत नाही.