दोन्ही एकदम

प्रिय रुचिता,

तुझी आई सध्या एका घोर अन्यायाची बळी आहे. हॉस्पिटलने श्वासाच्या व्यायामासाठी प्लास्टिकचं खेळणं दिलंय. नळीतून श्वास ओढला की तीन गोळे वर जायला हवेत. दोन जातात. तिसरा आमच्या खात्यातल्या जुन्या सहसचिवांसारखा बसल्या जागेवरून हलत नाही. बाबा शेजारी बसून प्रत्येक प्रयत्नाची नोंद करतात आणि "बिल्कुल जमेल" म्हणतात. बाकी दिल्लीतलं आपलं मयूर विहार तसंच. हवा इतकी दाट, की समोरची सोसायटी भर दुपारी अंदाजाने ओळखायची.

खेळणं कशाला, ते सांगते. सप्टेंबरात माझ्या डाव्या स्तनात गाठ सापडली. कॅन्सर. तुला कळवलं नाही, कारण वर्षभर आपण एकमेकींना फक्त सणांचे फोटो पाठवतोय. मग स्कॅनमध्ये डाव्या फुप्फुसातही ठिपका दिसला. स्तनातलाच कॅन्सर तिथवर पसरला असेल तर फारसं काही करता येणार नाही, हे डॉक्टर भक्ती न बोलता बोलल्या. दोन्हीकडचे तुकडे तपासायला गेले आणि अहवाल एकाच पाकिटात आले. तीस वर्षं फायली हाताळलेली बाई मी. वर तेच नाव, तोच नंबर, तोच रोग. दुसऱ्यावर लाल पेनने 'दुबार प्रत' लिहिलं आणि फायलीच्या तळाशी टाचलं. तीन आठवडे बाबा दुसऱ्या अहवालासाठी लॅबशी भांडत होते. लॅब म्हणे पाठवलाय, बाबा म्हणे आलाच नाही. त्या तीन आठवड्यांत ते माझ्याशी मात्र एकदाही भांडले नाहीत. त्यावरून मी ओळखलं, की त्यांनी माझी आशा सोडलीय.

शेवटी विम्याचे कागद शोधताना तो अहवाल त्यांनाच सापडला. डॉक्टरांनी वाचला आणि चक्क हसल्या. "ये दो अलग कॅन्सर हैं, मॅडम. अच्छी खबर है." दुर्दैव दुप्पट झाल्याबद्दल चोपन्न वर्षांत माझं कोणी अभिनंदन केलं नव्हतं. म्हणजे पसरलेलं नाही. दोन्ही लहान, दोन्ही काढता येण्यासारखे. वेगवेगळे काढले तर एकाची जखम भरेपर्यंत दुसरा वाढत बसणार. एकाच भुलीत काढले तर सहा-सात तास, आणि माझा श्वास आधीच तोकडा. निर्णय तुमचा, म्हणाल्या. मी दोन्ही एकदमवर सही केली. ऑपरेशन येत्या मंगळवारी सकाळी. दोनदा धीर गोळा करण्याची ताकद नाही गं उरली.

सही झाली, पण एक काम राहिलं होतं. गेल्या वर्षी दिवाळीत माझा खोकला ऐकून तू एक्स-रेसाठी मागे लागली होतीस. मी तो काढला नाहीच, वर पेपरातल्या माझ्या सदरात 'आमच्या घरचं आरोग्य खातं' म्हणून तुझी टिंगल छापली. पुण्याला तुझ्या ऑफिसात सगळ्यांनी तुला ओळखलं. तू रडत फोन केलास, तर मी म्हटलं, विनोद कळायला हवा. तो खोकला त्या ठिपक्याचा की इथल्या हवेचा, हे आता डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तरी एक्स-रे काढायला हवा होता. परवा संपादकांना दोनच ओळी पाठवल्या आणि त्या येत्या रविवारीच छापा म्हणून हट्ट धरला. 'गेल्या वर्षीच्या दिवाळीतल्या लेखातल्या मुलीचं म्हणणं बरोबर होतं. लेखिका चुकली होती.' विनोद नाही त्यात. छापून येण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तू बरोबर होतीस, रुचिता.

तुझीच,
आई